शहराच्या लोकसंख्येचा वर्गमुळी वक्र : पार्श्वभूमी

लोकसंख्येच्या गणितात आधी रुळली ती चक्रवाढ. लिओनहार्ड ऑयलर यांनी १७४८ च्या आपल्या ग्रंथात असे उदाहरण घातले होते, की एक लाख वस्तीच्या प्रदेशात दरवर्षी तिसाव्या हिश्शाने भर पडली, तर शंभर वर्षांनी तेथे किती माणसे असतील? उत्तर येते २६,५४,८७४. अशी वाढ अखंड चालू शकत नाही, याची जाणीव थॉमस माल्थस यांच्या १७९८ च्या निबंधाने ठळक केली. वाढीला वरची मर्यादा घालणारे समीकरण मात्र बेल्जियमच्या व्हर्हुल्स्ट यांनी १८३८ मध्ये मांडले. मर्यादा घालणे सोपे, ती नेमकी कोठे घालावी हे अवघड. रेमंड पर्ल आणि लॉवेल रीड यांनी १९२० मध्ये अमेरिकेसाठी सुमारे १९.७ कोटींची कमाल मर्यादा काढली, आणि १९७० च्या जनगणनेत तो देश २० कोटींच्या पुढे गेलेला दिसला.

वाढ मंदावते आहे, पण थांबेल कोठे ते ठाऊक नाही, अशा शहरासाठी वर्गमुळाचा वक्र सोयीचा पडतो. वर्गमूळ काढण्याची रीत आर्यभटांनी सांगितली आहे आणि त्याचे आजचे चिन्ह १५२५ मध्ये क्रिस्टोफ रुडॉल्फ यांच्या ग्रंथात छापले गेले. लोकसंख्येशी या दोहोंचा काही संबंध नव्हता. आज हा नमुना मुख्यतः बीजगणिताच्या स्वाध्यायांत भेटतो. समजा, शहराची वस्ती २०,००० अधिक वर्षांच्या वर्गमुळाची ३,००० पट आहे. मग पहिल्याच वर्षी ३,००० माणसे वाढतात, पुढच्या ३,००० साठी तीन वर्षे लागतात, त्यापुढच्यांसाठी पाच, मग सात. या वक्रात वाढीचा वेग तोवर पडलेल्या एकूण भरीच्या व्यस्त प्रमाणात असतो, म्हणजे आलेला प्रत्येक रहिवासी पुढच्याची वाट थोडी अरुंद करतो. वस्तीला कमाल मर्यादा मात्र कधीच लागत नाही.

त्यातली खरी अडचण सुरुवातीची आहे. शून्य वर्षाला वाढीचा वेग अनंत येतो, जे कोणत्याही गावाच्या बाबतीत अशक्य आहे. शिवाय चक्रवाढीत मोजणीचे पहिले वर्ष बदलले, तरी केवळ सुरुवातीचा आकडा बदलतो, वाढीचा दर तोच राहतो. येथे मात्र वर्गमुळाखालच्या वर्षांत तेवढाच फरक मिळवला नाही, तर त्याच शहराचा वक्र निराळ्या आकाराचा निघतो.