शेकोटीभोवतीची हाडे

उत्खननात हाती लागते ते बहुतेक वेळा माणसाने टाकून दिलेले. फोडलेली हाडे, दगडाच्या कपच्या, राखेचा थर, खापरांचे तुकडे. वस्तू सापडते, पण ती वापरणाऱ्या हाताची हालचाल मातीत उरत नाही. मग ही कपची कुणी काढली, कुठे बसून काढली, कशासाठी काढली, हे ठरवायचे कसे? नुसत्या अंदाजावर भागवायचे नसेल, तर एक रस्ता आहे. जिवंत माणसांत जाऊन राहायचे, त्यांची कामे पाहायची आणि ती उठून गेल्यावर जमिनीवर काय उरते ते मोजायचे. या अभ्यासाला एथ्नोआर्किऑलॉजी म्हणतात.

त्याला मोठी चालना मिळाली ती एका वादातून. फ्रान्समध्ये निअँडरथल, म्हणजे हिमयुगात युरोपात राहणाऱ्या आणि आता नामशेष झालेल्या, माणसांच्या दगडी हत्यारांचे वेगवेगळे संच सापडत होते. एका थरात एका प्रकारची हत्यारे जास्त, तर दुसऱ्यात दुसऱ्या प्रकारची. फ्रेंच पुरातत्त्वज्ञ फ्रान्स्वा बोर्द यांचे म्हणणे होते, की प्रत्येक संच म्हणजे वेगळी परंपरा असलेला वेगळा समूह. अमेरिकी पुरातत्त्वज्ञ लुईस बिनफर्ड यांना ते पटत नव्हते. तीच माणसे एका जागी शिकार कापत असतील, दुसऱ्या जागी कातडी कमावत असतील, तर दोन्हीकडे उरणारी हत्यारे वेगळी दिसणारच. दोन्ही म्हणणी तर्काला धरून होती आणि दगड कुणाच्याच बाजूने बोलत नव्हते. तेव्हा बिनफर्ड 1969 मध्ये अलास्कात गेले. तिथे अनाक्तुवुक खिंडीच्या परिसरात राहणारे नुनामिउत लोक कॅरिबूच्या, म्हणजे रेनडिअरच्या, शिकारीवर जगत होते.

बिनफर्ड यांच्या नोंदींपैकी मला सर्वांत मोलाची वाटते ती एका टेहळणीच्या जागेची. शिकारी इथून कॅरिबूंच्या कळपांवर नजर ठेवत. पण कळप दिसेपर्यंत नुसते बसून राहायचे, म्हणून ते पत्ते खेळत, खात-पीत, लाकडाचे मुखवटे कोरत. मुखवट्यांवरूनच या जागेला ‘मास्क साइट’ हे नाव पडले. माणसे शेकोटीभोवती अर्धवर्तुळात बसत. नळीचे हाड फोडून आतली मज्जा खाल्ली, की हाडाच्या बारीक चुऱ्या तिथेच पायाशी पडत. मोठे तुकडे मात्र बसायच्या जागेत नकोत, म्हणून ते पाठीमागे किंवा शेकोटीपलीकडे भिरकावले जात. माणसे निघून गेल्यावर जमिनीवर दोन पट्टे राहत: आत बारीक चुऱ्यांचा, बाहेर मोठ्या हाडांचा. मधल्या जागेत माणसे बसली होती.

वारा फिरला की धूर तोंडावर येतो. उघड्यावर बसलेली माणसे अशा वेळी सरळ पाठ फिरवून बसतात आणि गरज पडली तर शेजारी नवी शेकोटी पेटवतात. तंबूत हे घडत नाही, कारण तिथे वाऱ्याची दिशा बदलण्याचा प्रश्नच नसतो.

ही साधी गोष्ट घेऊन बिनफर्ड फ्रान्समधल्या पँसव्हाँ या स्थळाकडे वळले. सीन नदीकाठी हिमयुगाच्या अखेरीस रेनडिअरची शिकार करणाऱ्यांचा तो तळ. तिथल्या एका भागात तीन शेकोट्या सापडल्या होत्या आणि तिथले फ्रेंच उत्खननकर्ते आंद्रे लरुआ-गुराँ यांनी त्यावरून एकमेकांना जोडलेल्या तीन तंबूंचे चित्र मांडले होते. उत्खनन अत्यंत काटेकोर होते, प्रत्येक तुकड्याची जागा नोंदलेली होती. म्हणूनच बिनफर्ड यांना तोच नकाशा वेगळ्या नजरेने वाचता आला. हाडांचे आणि गारगोटीच्या कपच्यांचे पट्टे पाहून त्यांनी म्हटले, की यातल्या दोन शेकोट्या उघड्यावरच्या असाव्यात: वारा बदलला तशी माणसे एकीवरून दुसरीकडे सरकली.

इथे एक शंका रास्तच आहे. नुनामिउत लोक बंदुका आणि स्नोमोबाइल वापरत होते. आजच्या कुठल्याही समाजाकडे भूतकाळाचा नमुना म्हणून पाहणे चूकच, आणि त्या लोकांवर अन्यायही. पण बिनफर्ड यांच्या तर्काचा आधार नुनामिउत चालीरीती नव्हत्याच. धूर डोळ्यांत जातो, बसलेल्या माणसाचा हात ठरावीक अंतरापर्यंतच पोहोचतो, बुडाखाली मोठे हाड टोचते. या गोष्टी हिमयुगातल्या माणसालाही चुकल्या नसणार. चालीरीतींच्या साम्यावर बांधलेले तर्क मात्र फार जपून घ्यावे लागतात.

कधी कधी तर असा अभ्यास उत्तर देण्याऐवजी आपले गृहीतकच मोडतो. दगडी हत्यारे घडवणारा म्हटले, की चित्रांत आणि संग्रहालयांत दीर्घकाळ पुरुषच दाखवला गेला. दक्षिण इथिओपियात कातडी कमावणारे काही कारागीर अलीकडेपर्यंत दगडी तासण्या, म्हणजे कातडे खरवडायची हत्यारे, वापरत आले आहेत. त्यांच्यातल्या गामो समाजात हे काम पुरुषांचे, तर कोन्सो समाजात बायकांचे. कोन्सो स्त्रिया दगड पारखून निवडतात, स्वतः घडवतात, लाकडी मुठीत बसवतात आणि ही विद्या पुढच्या पिढीतल्या मुलींना शिकवतात.

पुरातत्त्वज्ञ कॅथरीन वीडमन आर्थर यांनी या कारागिरांसोबत काम केले. गामो कारागिरांच्या तासण्या तपासताना त्यांना काहींच्या कडेला छोटे टोक आलेले दिसले. पुरातन संग्रहांतही अशी टोके सापडतात आणि ती कोरण्यासाठी मुद्दाम काढली असावीत असे मानले जाई. इथे मात्र ती मुख्यतः शिकाऊ मुलांच्या आणि हातातली ताकद कमी झालेल्या वृद्धांच्या हत्यारांवर होती. जुन्या तासणीवर असे टोक दिसले, की आता तिथे एखादे खास हत्यार आहे असे लगेच म्हणता येत नाही. घडवणाऱ्याचे वय काय होते, हाही प्रश्न विचारावा लागतो.