शाफ्ट्सबरी, पहिला अर्ल

(२२ जुलै १६२१–२१ जानेवारी १६८३). इंग्लंडमधील राजेशाहीच्या पुनःस्थापनेच्या काळातील मुत्सद्दी व व्हिग गटाचा (राजसत्तेवर पार्लमेंटचा अंकुश हवा असणाऱ्यांचा) आद्य नेता. मूळ नाव अँथनी अ‍ॅश्ली कूपर. डॉर्सेटमधील विंबर्न सेंट जाइल्स येथे सधन जमीनदार कुटुंबात जन्म. आईवडील लहानपणीच वारले.

राजा व पार्लमेंट यांच्यातील यादवी युद्धात तो आधी राजाच्या बाजूने होता, १६४४ मध्ये पार्लमेंटला मिळाला. पुढे, राजेशाही संपवून सत्तेवर आलेल्या क्रॉमवेलच्या राज्यमंडळात बसला, पण त्याच्याशीही त्याचे बिनसले. १६६० मध्ये दुसऱ्या चार्ल्सला परत आणण्यासाठी गेलेल्या शिष्टमंडळात तो होता. या कोलांटउड्यांवरून त्याला संधिसाधू म्हटले जाते. मात्र पार्लमेंटला डावलून चालणाऱ्या सत्तेशी त्याचे कधीच जमले नाही, हेही तितकेच खरे.

चार्ल्सने त्याला अर्थमंत्री, १६७२ मध्ये अर्ल व लॉर्ड चॅन्सेलर केले आणि पुढच्याच वर्षी दूर सारले. या काळात तत्त्वज्ञ व वैद्य जॉन लॉक त्याच्या घरी राहत असे. १६६८ मध्ये लॉकच्या देखरेखीखाली शाफ्ट्सबरीच्या यकृताच्या गाठीवर शस्त्रक्रिया झाली. त्या काळी अशा शस्त्रक्रियेतून वाचणे नवलाचे होते. तो वाचला आणि आणखी चौदा वर्षे जगला. अमेरिकेतील कॅरोलायना वसाहतीच्या आठ मालकांपैकी तो एक होता. स्वातंत्र्याचा हा कैवारी गुलामांच्या व्यापारातही भागीदार होता, हे विसरता येत नाही.

राजाचा भाऊ जेम्स कॅथलिक असल्याने त्याला वारसाहक्कातून वगळावे, यासाठी शाफ्ट्सबरीने १६७९–८१ मध्ये रान उठवले. विधेयक कॉमन्स सभेत संमत झाले, उमराव सभेने फेटाळले. कॅथलिकांनी राजाला मारण्याचा कट केल्याचे जे कुभांड टायटस ओट्स याने रचले, त्याचा त्याने राजकारणासाठी वापर केला. त्यात निरपराध माणसे फासावर गेली. त्याच्या चरित्रावरचा हा सर्वांत मोठा डाग. मात्र त्याच धामधुमीत, १६७९ मध्ये, त्याच्या पाठपुराव्याने बंदीप्रत्यक्षीकरणाचा कायदा झाला आणि कैद्याला न्यायाधीशापुढे उभे करून अटकेचे कारण सांगणे टाळण्याच्या पळवाटा बुजल्या.

१६८१ मध्ये त्याच्यावर राजद्रोहाचा आरोप आला. लंडनच्या ज्यूरीने तो खटल्यायोग्य मानला नाही. पण ज्यूरी निवडणारे शहराचे शेरीफ राजाच्या मर्जीतले होताच पुढची ज्यूरी कशी असेल, हे त्याने ओळखले. १६८२ च्या अखेरीस तो हॉलंडला निसटला. लॉर्ड चॅन्सेलर असताना ज्या देशाच्या विनाशाची भाषा त्याने पार्लमेंटमध्ये केली होती, त्यानेच त्याला आसरा दिला. काही आठवड्यांतच तो अ‍ॅम्स्टरडॅम येथे मरण पावला.