सहीआधी कार्ड आमच्याकडे आणा

बेळगावात ऑटोनगरच्या केएससीए (कर्नाटक राज्य क्रिकेट संघटना) मैदानावर रणजी सामना लागला की क्रिकेटपटूंच्या फोटोंच्या कार्डांवर सही घेणारी दोन तऱ्हेची गिऱ्हाइकं आमच्या दुकानात येतात. काही सामन्याआधी, काही सामन्यानंतर. आधी येणाऱ्यांचं काम पाच मिनिटांत होतं. नंतर येणाऱ्यांच्या कार्डावरची सही फाटल्यासारखी उमटलेली असते, आणि त्यावर आमच्याकडे औषध नाही.

अडीच बाय साडेतीन इंचांच्या या कार्डावर चकचकीत थर असतो, त्यात आपल्या बोटांचं तेल. तिथे मार्करची शाई धरत नाही, आकसून तिचे बारीक ठिपके होतात. चिमूटभर टाल्कम पावडर घ्या (स्वयंपाकघरातलं कॉर्नफ्लोअरही चालतं), सही होणार तेवढ्याच जागी मऊ सुती कापडाने हलकेच चोळा आणि नीट पुसून टाका. त्यानंतर कार्ड फक्त कडेने धरा. स्पिरिट, सॅनिटायझर लावू नका, छपाईच खराब होते. बिग फन बबलगमसोबत मिळणारी जुनी क्रिकेट कार्डं जपलेले काकाही आमच्याकडे येतात. कार्डाला चकाकी नसेल तर पावडरची गरज नाही, शाई आपसूक मुरते.

बॉलपेन नको, खाच पडते. बारीक टोकाचा निळा परमनंट मार्कर घ्या. काळी सही गडद जर्सीवर हरवते. गडद कार्डाला चंदेरी पेंट मार्कर शोभतो, पण तो आधी हलवून रद्दी कागदावर चालवून बघा. नाहीतर पहिलाच थेंब खेळाडूच्या नाकावर!

मैदानावर कार्ड कडक कव्हरातून आधीच काढून परीक्षेच्या पॅडवर ठेवा, टोपणही उघडून ठेवा. कर्नाटकचा खेळाडू असेल तर कन्नडमध्ये 'सर, ओंद साइन माड्री' (सर, एक सही करा) म्हणून बघा. तो निदान हसून थांबतो.

सही झाली की फुंकर मारू नका, थुंकी उडते. साध्या मार्करला काही मिनिटं आणि पेंट मार्करला निदान पंधरा मिनिटं उघड्यावर सुकू द्या, मग कव्हरात घाला. मऊ पीव्हीसीचं पाकीट शाई ओढून घेतं, ते टाळा.

दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच, "लॅमिनेशन करून देता काय?" नाही देत. उष्णतेने सही आणि कार्ड दोन्ही जातात, पैसे घेऊनसुद्धा आम्ही ते करणार नाही. फ्रेम हवी असेल तर अतिनील किरण अडवणारी काच लावून देतो, तरी ती उन्हाच्या खिडकीसमोर टांगू नका. आपल्याकडचा पावसाळा दमट, तेव्हा डब्यात बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका.

सामन्याच्या आदल्या दिवशी कार्ड आणलंत तर पावडर आम्हीच लावून देऊ, त्याचे पैसे नाहीत.