भार जोडावर, जोड कोणावर?

लांब गजावर आटे पाडणं हे कुठल्याही फॅब्रिकेटरला, म्हणजे पोलाद कापून-जोडून सांगाडे बनवणाऱ्याला, नकोसं काम. टोकाला चार-सहा इंच आटे पाडायला सांगा, कोणी कुरकुर करणार नाही. पण अर्ध्या गजाला आटे पाडायचे, मग तो ट्रेलरवर टाकून साइटवर न्यायचा, क्रेनने उभा करायचा आणि एवढ्या उलाढालीत एकाही आट्याला मार लागू द्यायचा नाही? असलं ड्रॉइंग हातात आलं की काढणाऱ्याने आयुष्यात पाना धरलेला नाही, असं शॉपमधल्या माणसाला वाटतंच. १९७९च्या सुमारास अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत एका स्टील फॅब्रिकेटरला असंच काहीसं वाटलं. त्यावर काढलेली तोड सोपी होती, कमी खर्चाची होती आणि वरवर पाहता शहाणपणाचीही होती. त्या तोडीपायी पुढे ११४ माणसं गेली.

हॉटेलचं नाव हयात रीजन्सी. चाळीस मजली इमारत, खाली उंचच उंच लॉबी आणि लॉबीत अधांतरी लटकणारे पादचारी पूल. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यावर एकेक पूल, प्रत्येक साधारण ३७ मीटर लांब आणि २९ टनांच्या आसपास वजनाचा. तिसऱ्या मजल्याचा पूल बाजूला स्वतंत्र टांगलेला होता. दुसऱ्या मजल्याचा मात्र बरोबर चौथ्याच्या खाली होता. मूळ कल्पना अशी की छतापासून निघालेला एकच गज चौथ्या मजल्याच्या पुलातून आरपार जाऊन दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचेल आणि दोन्ही पूल आपापल्या नटावर बसतील. चौथ्या मजल्याचा नट जागेवर न्यायचा तर तो गजाच्या खालच्या टोकाकडून फिरवत वर चढवावा लागणार, म्हणून ते लांबलचक आटे.

फॅब्रिकेटरने गजाचे दोन तुकडे केले. एक छतापासून चौथ्या मजल्याच्या पुलापर्यंत. दुसरा त्याच पुलाच्या तुळईतून, चार इंच बाजूला, खालच्या पुलापर्यंत. आटे फक्त टोकांना. काम झटपट.

आता विहिरीत सोडलेला दोर डोळ्यांपुढे आणा. दोघं त्याला लोंबकळताहेत, एक वर, एक खाली. दोघांनीही दोरच धरलाय, तोवर ज्याच्या त्याच्या मुठीवर ज्याचं त्याचं वजन. खालच्याला सांगा, दोर सोड आणि वरच्याचे पाय धर. दोराला काहीच फरक पडत नाही, त्याच्यावर आधीही दोघांचा भार होता, आताही आहे. वरच्याच्या मुठीला मात्र फरक पडतो. तिच्यावर आता दोघं आहेत. कॅन्सस सिटीत चौथ्या मजल्याच्या तुळईखालचा नट ही ती मूठ होती. लोखंड तेच, गजाची जाडी तीच, एकूण वजनही तेच. बदलला तो भाराचा रस्ता.

शिवाय ती तुळई म्हणजे काही भरीव ठोकळा नव्हता. दोन सी-चॅनेल तोंडाला तोंड लावून वेल्ड केलेली पोकळ पेटी होती ती आणि गजाचं भोक नेमकं त्या वेल्डमधूनच पाडलेलं होतं. म्हणजे नट दाबणार कुठे, तर पेटीच्या सगळ्यात नाजूक शिवणीवर. १७ जुलै १९८१च्या संध्याकाळी लॉबीत नाचाचा कार्यक्रम रंगला होता, दीडएक हजार माणसं जमली होती. पुलांवर उभे राहून बघणारे त्यातले थोडेच. शिवण उकलली, नट पेटी फाडून आरपार निघाला आणि चौथ्या मजल्याचा पूल दुसऱ्याला घेऊन खाली आला. जखमी दोनशेहून जास्त.

काही दिवसांतच स्थानिक दैनिकाने एका इंजिनिअरला हाताशी धरून गजाचा हा बदल शोधून काढला. त्या वार्तांकनाला पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं. नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सने तपास केला तेव्हा आणखी एक गोष्ट बाहेर आली, जी मला गजाच्या बदलापेक्षाही जास्त अस्वस्थ करते. शहराच्या बांधकाम नियमांनुसार गज आणि तुळईच्या त्या जोडात जी ताकद हवी होती, तिच्या जेमतेम ६० टक्के मूळ, एका गजाच्या आराखड्यातच होती. बदलानंतर ती ३० टक्क्यांच्या आसपास आली. म्हणजे फॅब्रिकेटरने चांगल्या जोडाचं वाईट केलं असं नाही. त्या जोडाचं गणित मुळात कोणी केलंच नव्हतं.

कसं काय? डिझाइनवाल्यांचा समज असा की जोडाचा तपशील फॅब्रिकेटर बसवेल, तिथली ती रीतच होती. फॅब्रिकेटरकडे काम तुंबलेलं, म्हणून शॉप ड्रॉइंग, म्हणजे भाग बनवण्यासाठीचे तपशीलवार नकाशे, ती काढून देणाऱ्या बाहेरच्या डिटेलरला दिलेली. डिटेलरला वाटलं, जोड आधीच डिझाइन होऊन आलाय, आपण फक्त रेघा मारायच्या. बदलाला फोनवर परवानगी घेतली होती, असं फॅब्रिकेटर म्हणाला. असा फोन आलाच नव्हता, असं डिझाइन फर्म म्हणाली. फेब्रुवारी १९७९मध्ये ४२ शॉप ड्रॉइंग डिझाइन फर्मकडे गेली आणि दहा दिवसांत तपासणीचा शिक्का घेऊन परत आली. त्यात या बदललेल्या जोडाचंही होतं. पुढे डिझाइन फर्मच्या दोन इंजिनिअरांचे मिसुरी राज्यातले परवाने रद्द झाले. त्यांतले एक, जॅक गिलम, नंतर इंजिनिअरांच्या परिषदांतून स्वतःच्याच चुकीवर बोलत राहिले. असं करायला धाडस लागतं, हे मान्य केलंच पाहिजे.

इमारतीचे सुटे भाग कारखान्यात बनवण्याचा धंदा आता आपल्याकडेही जोरात आहे. चाकणच्या शेडचे पोलादी सांगाडे असोत, मेट्रोचे सेगमेंट असोत, की बुलेट ट्रेनचे ४० मीटर लांब आणि ९७० टन वजनाचे गर्डर. कारखान्यात काम केलं की ऊनपाऊस लागत नाही, माप चोख येतं, माणसं उंचावर कमी वेळ राहतात. हे फायदे खरेच आहेत. पण वस्तू तुकड्यांत विकली की तुकड्यांमधली जागा कोणाची, हा प्रश्न सोबत येतो.

यात पैशाची एक गंमत आहे. फॅब्रिकेशनचं बिल आपल्याकडे बहुधा टनावर होतं. लांब, जाड, सरळ गर्डर टनेज देतो. जोडाच्या प्लेटा, क्लीट, बोल्ट यांचं वजन किरकोळ, पण कापणं, भोकं पाडणं, वेल्डिंग, तपासणी हा सगळा वेळखाऊ कारभार तिथेच. म्हणजे जिथे धोका जास्त तिथे कमाई कमी. मग जोड सोपा करण्याचा मोह होणं हे दुष्टपणाचं लक्षण नाही, ते सरळ हिशेबाचं आहे. त्यातच उशीर झाला की एलडी, म्हणजे दंडाची कापणी. आणि जीएफसी, म्हणजे कामासाठी मंजूर झालेल्या, ड्रॉइंगच्या कुठल्या रिव्हिजनवर शॉपमध्ये काम चाललंय, हे विचारल्यावर फोरमन भिंतीवरच्या कागदाकडे बघतो. तो कागद बऱ्याचदा आधीच्या रिव्हिजनचा असतो.

काँक्रीटच्या तुकड्यांचीही अशीच एक गोष्ट आहे, लंडनची. रोनन पॉइंट ही २२ मजली इमारत कारखान्यात ओतलेल्या भिंती-स्लॅबचे पॅनेल एकावर एक रचून उभारली होती. पद्धत डेन्मार्कची, आणि मुळात ती एवढ्या उंचीसाठी नव्हतीच. १६ मे १९६८च्या पहाटे अठराव्या मजल्यावरच्या एका बाईंनी चहासाठी शेगडी पेटवायला काडी ओढली. शेगडीच्या नळीचा पितळी नट कमअस्सल निघाला होता, तो तडकून गॅस गळत होता. पुन्हा नटच! स्फोट काही भयंकर मोठा नव्हता, त्या बाई वाचल्या. पण कोपऱ्यातली भार पेलणारी भिंत बाहेर ढकलली गेली, वरच्या मजल्यांचा आधार गेला आणि पत्त्यांच्या बंगल्यासारखा इमारतीचा अख्खा कोपरा खाली आला. चार जण दगावले. १९८६मध्ये ही इमारत मजल्यामजल्याने उतरवली, तेव्हा काही जोडांत मसाल्याऐवजी कोंबलेले वर्तमानपत्राचे कागद सापडले. पॅनेल कारखान्याचे होते. कागद साइटवरचे.

त्या स्फोटानंतर ब्रिटनमध्ये उंच इमारतींसाठी नियम आला की एखादा भाग निकामी झाला तर पडझड त्याच्या प्रमाणात राहिली पाहिजे, एका भिंतीमागे अख्खा कोपरा जाता कामा नये. प्रीकास्टचे, म्हणजे कारखान्यात आधीच ओतलेल्या काँक्रीटचे, तुकडे सळयांनी एकमेकांत बांधून घेण्यावर भर आला तो यातूनच.

मागच्या पावसाळ्यात तळेगावच्या बाजूला एका प्रीकास्ट यार्डात गेलो होतो, ओळखीच्या क्वालिटी इंजिनिअरसोबत. सकाळी सातला डी-मोल्डिंग, म्हणजे रात्री ओतलेलं भिंतीचं पॅनेल साच्यातून उचलायचं. प्रीकास्टच्या भिंतीला आयुष्यातला पहिला मोठा भार इमारतीत येत नाही, तो इथे येतो, आणि तोही ती जेमतेम बारा-चौदा तासांची असताना. पॅनेल पाच टनांचं. पण ते साच्याला चिकटलेलं असतं, शिवाय क्रेनचा हिसका असतो, त्यामुळे पॅनेलमध्ये रोवलेल्या हूकवर पाच टनांहून बरंच जास्त येतं.

त्यात स्लिंगचा, म्हणजे ओझं क्रेनला अडकवायच्या दोराचा, कोन. दोन पायांची स्लिंग जमिनीशी ६० अंशांचा कोन करत असेल, तर पाच टनांच्या ओझ्यासाठी एकेका पायावर सुमारे २.९ टन ताण येतो. स्लिंग आखूड घेतली आणि कोन ३० अंशांवर आला, तर एकेका पायावर पूर्ण पाच टन. ओझं तेच, क्रेन तीच. म्हणून तिथला रिगर, म्हणजे ओझं बांधून क्रेनला इशारे देणारा, आखूड स्लिंग घेऊन येणाऱ्या पोराला हाकलून लावतो. त्याला साइन-कोसाइन माहीत नाही. तो म्हणतो, "फाकली की खाते."

हूक धरून ठेवणार ते कोवळं काँक्रीट. ते तयार आहे की नाही, हे रात्री त्याच घाण्यातून भरलेले १५ सेंटिमीटरचे क्यूब सांगतात. या यार्डाचा दंडक असा की दर चौरस मिलिमीटरला १५ न्यूटनची ताकद दिसल्याशिवाय उचलायचं नाही. क्यूबच्या एका बाजूचं क्षेत्रफळ २२,५०० चौरस मिलिमीटर, म्हणजे यंत्राचा काटा ३३८ किलोन्यूटनच्या आसपास जायला हवा. पहिला क्यूब २६० ला फुटला. दुसरा २६८. तिसरा फोडताना कोणी काही बोललं नाही, तोही तिथेच. साडेअकरा-बारा न्यूटन. रात्रभर पाऊस होता, काँक्रीट लवकर घट्ट व्हावं म्हणून सोडलेल्या वाफेच्या लाइनवरची ताडपत्री एका बाजूने उडाली होती.

इंजिनिअरने खडूने पॅनेलवर "होल्ड" लिहिलं आणि रजिस्टरमध्ये एनसीआर, म्हणजे माल निकषात बसत नसल्याचा शेरा, टाकला. पाच मिनिटांत डिस्पॅचचा मॅनेजर आला. ट्रेलर गेटवर उभा, साइटवर क्रेन भाड्याने घेतलेली, साचा अडकला म्हणजे आजचं ओतकाम गेलं. माणूस वाईट नव्हता. त्याने एवढंच विचारलं, "तीन न्यूटनसाठी?" इंजिनिअर म्हणाला, "दुपारी परत फोडू."

दुपारी दोनला क्यूब ३५० च्या पुढे गेले. लांब स्लिंग लागली, रिगरने हात वर केला, पॅनेलची एक कड आधी सुटली, मग चट्ट असा ओला आवाज करून सगळं पॅनेल साच्यातून मोकळं झालं. हूकभोवती एकही चीर नव्हती. तोवर शहरात अवजड वाहनांना बंदीची वेळ जवळ आली होती, त्यामुळे ट्रेलर रात्री दहापर्यंत तिथेच उभा राहणार होता. ड्रायव्हरने गेटजवळच स्टोव्ह पेटवला. मॅनेजर त्याच्या हॉल्टिंगच्या पैशांची चिठ्ठी हातात घेऊन ऑफिसात शिरला आणि हा खर्च कुठल्या हेडखाली टाकायचा, म्हणून अकाउंट्सशी वाद घालत बसला.