बीएमआय नॉर्मल, मग पोट का सुटलंय?

पीएसएमच्या, म्हणजे रोगप्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्राच्या, प्रॅक्टिकलला एमबीबीएसची मुलं एकमेकांची उंची-वजनं घेतात, बीएमआय काढतात आणि जर्नलमध्ये ‘नॉर्मल’ लिहून मोकळी होतात. कमरेला टेप लावायची वेळ आली की पोटं आत ओढली जातात, हसाहसी होते आणि आकडा अंदाजपंचे लिहिला जातो. खरं तर या वयात जास्त बोलका आकडा तोच.

बीएमआय म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागणं. मूळ कल्पना एकोणिसाव्या शतकातल्या केटले या बेल्जियन गणितज्ञाची. आजचं नाव 1972 मध्ये अँसेल कीज यांनी रूढ केलं. मोठ्या लोकसमूहांची तुलना करायला ते सोपं आणि स्वस्त आहे. पण काट्याला हाड, स्नायू, चरबी सगळं सारखंच. समजा, दोघांची उंची 170 सेंटिमीटर. एकाचं वजन 64 किलो, म्हणजे बीएमआय साधारण 22. दुसरा रोज व्यायामशाळेत घाम गाळणारा, 76 किलोचा, त्याचा 26. कागदावर पहिला ‘नॉर्मल’ आणि दुसरा आपल्याकडच्या निकषाने थेट लठ्ठ. आता टेप लावा. पहिल्याची कंबर 91 सेंटिमीटर, दुसऱ्याची 82. काळजी पहिल्याची करायला हवी.

याचा उत्तम दाखला पुण्यातलाच आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचाही बीएमआय 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. आपल्याकडे बारीक दिसणाऱ्या माणसाला मधुमेह का गाठतो, हे त्या एका फोटोत समजतं. म्हणूनच भारतीयांसाठी जास्त वजनाची रेषा 25 ऐवजी 23 वर आणली गेली, आणि लठ्ठपणाची 30 वरून 25 वर. कमरेची मर्यादा पुरुषांना 90 आणि स्त्रियांना 80 सेंटिमीटर.

पोटाच्या आतली, आतड्यांभोवतीची चरबी त्वचेखालच्या चरबीसारखी स्वस्थ बसत नाही. तिच्यातून सुटणारी मेदाम्लं यकृताकडे जातात आणि इन्सुलिनला शरीर दाद देईनासं होतं.

हे विद्यार्थ्यांच्याच बाबतीत का सांगायचं? कारण त्यांचा दिनक्रम नेमका असा आहे की काटा हलत नाही आणि कंबर वाढते. बारावी आणि नीटच्या नादात मैदान सुटतं ते सुटतंच. पुढे रीडिंग रूममध्ये तासन्‌तास बैठक, सकाळच्या पोस्टिंगला नाश्ता न करता पळणं, मेस बंद झाल्यावर रात्री टपरीवरचा वडापाव आणि गोड चहा, इंटर्नशिपमध्ये नाइट ड्युट्या. झोप कमी पडली की भूक वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरक वाढतं आणि पोट भरल्याची खूण देणारं लेप्टिन घटतं. वापर नसल्याने स्नायू झिजतात, त्या जागी चरबी येते. वजन तेवढंच राहतं आणि घरचे म्हणतात, ‘किती वाळलीस गं!’

टेप नीट धरायला हवी, नाहीतर तोही आकडा फसवा. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड चाचपायची, दोन्हींच्या मधोमध टेप आडवी, जमिनीला समांतर धरायची. कपड्यांवरून नाही. श्वास सहज सोडल्यावर वाचायचं. पँटचा नंबर म्हणजे कंबर नव्हे, कारण पँट पोटाच्या खाली बसते. टेप हाताशी नसेल तर उंचीएवढी दोरी घ्या, दुमडून निम्मी करा आणि त्याच जागी पोटाभोवती फिरवा. टोकं जुळत नसतील तर कंबर जास्त आहे.

तरी बीएमआय टाकून देऊ नका. होस्टेलवर जेवणं चुकवणाऱ्या कितीतरी मुलींचा बीएमआय 18.5 च्या खाली, म्हणजे कमी वजनाच्या गटात, असतो. तिथे टेप काहीच सांगत नाही, काटा सांगतो. आणि तसा आकडा आला तर त्याच आठवड्यात हिमोग्लोबिनही तपासून घ्यावं.