स्टार चेंबर आणि कायदेपंडितांचे मंडळ: सातव्या हेन्रीने सरदारांना नेमके कशाने बांधले?

सातव्या हेन्रीने १४८७ मध्ये स्टार चेंबर हे न्यायालय स्थापले आणि त्याच्या जोरावर इंग्लंडच्या माजलेल्या सरदारांची नांगी ठेचली, असे परीक्षेच्या टिपणांत हमखास आढळते. यात दोन चुका आहेत. स्टार चेंबर त्या वर्षी स्थापन झाले नाही. आणि सरदारांची नांगी ठेचण्याचे काम प्रामुख्याने तिथे झालेच नाही. ते झाले वेस्टमिन्स्टरमधल्याच दुसऱ्या एका दालनात. तिथे बसणाऱ्या मंडळाचे नाव होते 'कौन्सिल लर्न्ड इन द लॉ', म्हणजे कायदेपंडितांचे मंडळ. दोन्ही एकाच राजसभेच्या फांद्या, दोन्हीकडे ज्यूरी नव्हती आणि बसणारी काही माणसेही तीच. त्यामुळे गल्लत होणे साहजिक आहे. पण एकाचे काम भांडण मिटवणे होते आणि दुसऱ्याचे माणूस राजाच्या कर्जात अडकवून ठेवणे. हेन्रीची खरी ताकद या दुसऱ्या कामात होती.

२२ ऑगस्ट १४८५ ला बॉसवर्थची लढाई जिंकून तो गादीवर आला, तेव्हा वारसाहक्काने त्याचा दावा लेचापेचा होता. खडे सैन्य नव्हते, अंगरक्षकांची एक छोटी तुकडी तेवढी होती. जिल्ह्याजिल्ह्यांत सत्ता होती ती जहागीरदारांची. ते आपल्या चिन्हाचा पोशाख घातलेली माणसे पगारावर बाळगत. शेरीफ, म्हणजे जिल्ह्यातला राजाचा अधिकारी, बहुधा त्यांच्याच कह्यातला, आणि ज्यूरीची यादी करायची ती शेरीफनेच. म्हणजे सरदाराच्या माणसाने कुणाची जमीन बळकावली, तर निकाल देणारे बारा जण त्याच सरदाराला घाबरणारे किंवा त्याच्याच पानावर जेवणारे. नेहमीची न्यायालये इथे लुळी पडत.

स्टार चेंबर कामाला येत होते ते इथे. वेस्टमिन्स्टरच्या राजवाड्यातले हे एक दालन. छतावर तारे रंगवलेले असल्याने हे नाव पडले, असे मानले जाते. राजाची सल्लागार सभा तिथे चौदाव्या शतकापासून बसत होती आणि तक्रारीही ऐकत होती, त्यामुळे हेन्रीला नवे काही स्थापायची गरजच नव्हती. मग १४८७ चा कायदा कशाचा होता? त्याने एक वेगळे छोटे न्यायपीठ नेमले: चॅन्सेलर (राज्याचा सर्वोच्च न्यायाधिकारी), कोषाध्यक्ष आणि प्रिव्ही सीलचा, म्हणजे राजाच्या खासगी मोहरेचा, रक्षक यांच्यापैकी निदान दोघे, त्यांच्या सोबतीला राजसभेतला एक बिशप, एक सरदार आणि दोन मुख्य न्यायाधीश. दंगे, बेकायदा पोशाखी माणसे बाळगणे, ज्यूरीला लाच देणे किंवा धमकावणे, शेरीफने खोटी यादी करणे, एवढेच त्याचे विषय. कायद्याच्या मूळ मजकुरात स्टार चेंबरचा उल्लेखही नाही. 'प्रो कॅमेरा स्टेलाटा' (लॅटिनमध्ये 'स्टार चेंबरसाठी') हे शीर्षक नोंदीवर मागाहून चढले आणि घोटाळ्याला सुरुवात झाली.

या दालनातली कामाची पद्धत ठरलेली होती. फिर्यादीने इंग्रजीत लेखी अर्ज करायचा. प्रतिवादीला समन्स जायचे. त्याने शपथेवर लेखी उत्तर द्यायचे, त्यावर फिर्यादीचे प्रत्युत्तर. मग दोन्ही बाजूंनी लेखी प्रश्नावल्या तयार करायच्या आणि साक्षीदारांना एकेकटे बसवून जबाब नोंदवायचे. शेवटी सुनावणी. ज्यूरी वगळल्यामुळे स्थानिक दहशतीचा उपयोग संपला, हा मोठाच फायदा. मर्यादाही कडक होती: फाशी देता येत नसे आणि जमिनीची मालकी ठरवता येत नसे. दंड आणि कैद ही तिथली नेहमीची शिक्षा.

गंमत अशी, की हेन्रीच्या काळात इथले बहुतेक खटले राजाने भरलेलेच नव्हते. खासगी माणसे आपापली भांडणे घेऊन येत. भांडण खरे जमिनीचे असले, तरी अर्जात 'अमक्याने शस्त्रे घेऊन दंगा केला' असे एक वाक्य घुसवायचे, की प्रकरण दाखल होई. त्यामुळे जुन्या अर्जांतल्या दंग्यांची बेरीज करून 'देशात किती अराजक होते' असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. प्रकरणांची संख्याही फार नव्हती. वर्षाला सरासरी बाराच्या आसपास.

आता दुसरे दालन. कायदेपंडितांचे मंडळ १४९५ च्या सुमारास आकाराला आले. सर रेजिनाल्ड ब्रे हा राजाचा सगळ्यात विश्वासू कारभारी त्याचा मुख्य होता. तो लँकेस्टरच्या डचीचा, म्हणजे राजाच्या खासगी जहागिरीचा चॅन्सेलर असल्याने बैठकीही डचीच्या दालनात होत. सदस्य जेमतेम डझनभर, बहुतेक वकील. १५०३ मध्ये ब्रे वारला आणि सूत्रे रिचर्ड एम्पसनकडे आली. १५०४ मध्ये एडमंड डडली राजाच्या सेवेत येऊन त्याला मिळाला. या मंडळामागे पार्लमेंटचा कोणताही कायदा नव्हता. राजाची इच्छा हाच त्याचा पाया.

त्याचे विषय रुक्ष वाटतात, पण खरी मेख तिथेच आहे. थेट राजाकडून जमीन धारण करणारा माणूस अल्पवयीन वारस मागे ठेवून मेला, तर वारस एकवीस वर्षांचा होईपर्यंत जमीन आणि त्याचे लग्न ठरवण्याचा हक्क राजाचा. सज्ञान झाल्यावर ताबा मागायचा, त्याचे शुल्क भरायचे. विधवेने पुनर्विवाह करायचा तर राजाचा परवाना हवा. हे हक्क जुनेच होते. तीसेक वर्षांच्या यादवीत कुणी वारस लपवला, कुणी परवानगीशिवाय ताबा घेतला, आणि सगळे पचून गेले होते. मंडळाने जुनी दप्तरे चाळून हे सगळे उकरून काढले. शिवाय एखाद्या किरकोळ दाव्यात हजर न राहिल्याने 'कायद्याबाहेर' घोषित झालेला माणूस सापडला, तर त्याला माफीपत्र विकत घ्यावे लागे.

बोलावणे प्रिव्ही सीलच्या पत्राने येई. बरेचदा कारण लिहिलेले नसायचे. माहिती पुरवायला खबरे होते आणि ते आपला वाटा ठेवून काम करत. डचीच्या दालनात हजर झालेल्या माणसाला आरोप आणि आकडा दोन्ही तिथेच कळत. अपिलाची सोय नाही. घासाघीस होऊन रक्कम ठरे. थोडी रोख द्यायची, उरलेल्यासाठी लिहून द्यायचे.

हे लिहून देणे दोन प्रकारचे असे. एक, स्वतःची मोहर लावून दिलेला कर्जरोखा. दुसरा, अधिकाऱ्यासमोर कबुली देऊन सरकारी दप्तरात नोंदवलेले ऋण. आपल्याकडे चांगल्या वर्तणुकीसाठी लिहून घेतात त्या मुचलक्याच्या जातीचे. मजकुराचे दोन भाग असत. पहिल्यात 'मी राजाला अमुक पौंड देणे लागतो' अशी सरळ कबुली. दुसऱ्यात अट: अमुक तारखेपर्यंत हप्ता भरला, किंवा राजाशी निष्ठा राखली, किंवा अमक्या जिल्ह्याबाहेर पाऊल टाकले नाही, तर ही कबुली रद्द समजावी. म्हणजे अट मोडल्याचे दिसले की गुन्हा नव्याने सिद्ध करत बसायची गरज नाही. कर्ज आधीच कबूल आहे, फक्त वसुली उरते. सोबत जामीनदार लागत, आणि ते नातेवाईक किंवा शेजारीच असत. एकाने बंडाचा विचार केला, तर बुडणार ते त्याचे दहा-वीस सोयरे. त्यामुळे त्याच्यावर नजर ठेवायला राजाला हेर नेमावे लागत नव्हते.

यासाठी गुन्हा घडलेला असायलाच हवा, असेही नव्हते. लॉर्ड माउंटजॉय १५०३ मध्ये कॅलेजवळच्या हॅम किल्ल्याचा किल्लेदार झाला, तेव्हा किल्ला नीट सांभाळीन म्हणून त्याच्याकडून १०,००० मार्कांचा मुचलका घेतला गेला. मार्क म्हणजे पौंडाचे दोन तृतीयांश. ही बढती मिळालेल्या माणसाची गोष्ट आहे, हे ध्यानात घ्यावे.

सगळ्यात बोलके उदाहरण लॉर्ड बर्गवेनीचे. त्याने केंटमध्ये जून १५०४ ते डिसेंबर १५०६ अशी तीस महिने ४७१ माणसे बेकायदा बाळगली: २५ सद्गृहस्थ, ४ पाद्री, ४४० शेतकरी, एक चांभार आणि एक कल्हईवाला. कायद्याने दंड दर माणशी दरमहा ५ पौंड. हिशेब सरळ आहे: ४७१ गुणिले ५ गुणिले ३०, म्हणजे ७०,६५० पौंड. राजाचे अख्खे वार्षिक उत्पन्न त्या काळात लाख-सव्वा लाखाच्या घरात असावे, म्हणजे ही रक्कम कुणीच भरू शकत नव्हते. तडजोड होऊन ५,००० पौंड दहा वर्षांत भरायचे ठरले, आणि केंट, सरे, ससेक्स, हॅम्पशायर या परगण्यांत परवानगीशिवाय पाय ठेवायचा नाही अशी अट पडली. दोषी तो ठरला किंग्ज बेंच या नेहमीच्या न्यायालयात. स्टार चेंबरचा यात संबंध नाही. न्यायालयाने फक्त अवाढव्य आकडा दिला. तो आकडा डोक्यावर टांगता ठेवून माणूस आपल्या प्रदेशातून उखडला, हे काम मुचलक्याने केले.

हेन्री केवळ लोभी होता, असे म्हणणाऱ्यांचे गणित इथे चुकते असे मला वाटते. पूर्ण वसूल झालेला दंड एकदाच कामाला येतो. न वसूल केलेला दंड माणूस जिवंत असेतो कामाला येतो. त्याच्या कारकिर्दीत इंग्लंडमध्ये ६२ उमराव घराणी होती. त्यांतली ४६ किंवा ४७ कधी ना कधी जप्ती, मोठा दंड किंवा मुचलका यांतल्या कशाच्या तरी फासात होती. ३६ घराण्यांनी मुचलके किंवा रोखे लिहून दिले होते. मोकळी राहिली ती सोळाच्या आसपास.

लोभ नव्हताच असेही नाही. सप्टेंबर १५०४ ते मे १५०८ या काळात एकट्या डडलीच्या हिशेबवहीत रोख आणि रोखे मिळून सुमारे २,१९,००० पौंड दिसतात. मात्र यात रोख्यांचा भाग मोठा आहे, तेव्हा सगळा आकडा 'उत्पन्न' म्हणून मांडणे चूक. पैसे एक्सचेकर या जुन्या सरकारी खजिन्याच्या संथ कचेरीत न जाता राजाच्या खासगी खजिन्यात ('चेंबर'), जॉन हेरॉन या खजिनदाराकडे जात, आणि हेन्री त्या वह्या तपासून स्वतः सही करी. १५०२ मध्ये थोरला मुलगा आर्थर आणि १५०३ मध्ये राणी गेल्यावर वारस उरला एकच, अल्पवयीन. फास आवळला जाण्याचा काळही हाच आहे.

या रचनेत दोष एकच होता, पण तो मुळाशी होता: सगळे एका जिवंत माणसावर अवलंबून होते. लंडनचा व्यापारी आणि एकेकाळचा महापौर सर विल्यम केपल १४९५ च्या सुमारास एकदा पिळला गेला, कारकिर्दीच्या शेवटी पुन्हा. दुसऱ्या खेपेस त्याने पैसे भरण्याऐवजी तुरुंग पत्करला. अशांची संख्या वाढत गेली. २१ एप्रिल १५०९ ला हेन्री वारला आणि काही दिवसांतच एम्पसन आणि डडली लंडनच्या टॉवर या किल्ल्यात कैदेत गेले. खंडणीचा गुन्हा त्यांच्यावर लावणे अवघड होते, कारण प्रत्येक कागद राजाच्या नावाने होता आणि अनेकांवर त्याची सही होती. म्हणून राजा मरणपंथाला असताना लंडनमध्ये सशस्त्र माणसे जमवली, असा राजद्रोहाचा आरोप रचला. १७ ऑगस्ट १५१० ला दोघांचा शिरच्छेद झाला. कैदेत डडलीने स्वतः एक यादी लिहून ठेवली. तीत राजाने अन्यायाने किंवा अति कठोरपणे वागवलेल्यांची ८४ प्रकरणे आहेत. आठव्या हेन्रीने पहिल्याच वर्षात किमान ४५ मुचलके रद्द केले. बर्गवेनीचाही सुटला. मंडळ विसर्जित झाले, आणि ते परत आणा असे कुणी म्हणाले नाही.

स्टार चेंबर मात्र टिकले. कार्डिनल वुल्सी १५१५ मध्ये चॅन्सेलर झाला आणि त्याने ते सगळ्यांना खुले केले. प्रकरणे वर्षाला बारावरून १२० च्या आसपास गेली. त्याला आज जी दुष्कीर्ती चिकटली आहे ती त्याहून शंभर वर्षांनंतरची, पहिल्या चार्ल्सच्या काळातली. १६३७ मध्ये विल्यम प्रिन या लेखकाचे कान कापण्याची शिक्षा याच न्यायालयाने दिली. ही दुष्कीर्ती मागे नेऊन सातव्या हेन्रीला चिकटवली जाते.

एखाद्या पुस्तकात नुसतेच 'राजाच्या न्यायालयाने दंड केला' असे लिहिलेले असेल, तर प्रकरण कुठले हे ओळखायला फार वेळ लागत नाही. फिर्यादी खासगी माणूस आहे आणि दंग्याचा उल्लेख आहे, तर बहुधा स्टार चेंबर. फिर्यादी राजाच आहे, विषय पालकत्व, विवाह, ताबा किंवा माफीपत्राचा आहे आणि शेवट हप्त्यांनी होतो, तर कायदेपंडितांचे मंडळ. ब्रे, एम्पसन, डडली ही नावे दिसली की शंका उरत नाही. मूळ कागद पाहायचे असतील, तर लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये हेन्रीच्या काळातली स्टार चेंबरची प्रकरणे 'स्टॅक १' या मालिकेत आहेत, तर मंडळाच्या नोंदी डचीच्या दप्तरात, 'डीएल ५' मध्ये. संशोधकही चुकतात ते इथेच: मंडळाला स्वतंत्र न्यायालय समजून त्याचे वेगळे दप्तर शोधत बसतात.

१६४१ मध्ये पार्लमेंटने स्टार चेंबर मोडीत काढले, तेव्हा त्या कायद्यातच १४८७ च्या कायद्याचा हवाला दिला आणि या न्यायाधीशांनी त्या चौकटीबाहेर जाऊन अधिकार वापरला, असे म्हटले. टिपणांतली ती चूक इतकी जुनी आहे, आणि तिच्यावर पार्लमेंटचा शिक्का आहे.