भंगारवाला जी पन्नी घेत नाही

गावात भंगारवाला आला की ठिबकच्या जुन्या नळ्या, फुटक्या बादल्या, खताची रिकामी पोती सगळं काट्यावर चढतं. राहते ती पन्नी, प्लॅस्टिकची पातळ पिशवी. तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून पानठेल्यापुढे टाकलेली, किराण्याची, शेवेच्या पुड्याची. तिला वजनच नाही, तर भाव कुठला? ती नाल्यात पडून राहते आणि मृगाचा पहिला दणका बसला की चालू लागते.

नाल्यातून वर्धा नदीत. चपराळ्याजवळ वर्धा आणि वैनगंगा एक होऊन प्राणहिता बनते, ती सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते आणि गोदावरी राजमहेंद्रीच्या पुढे फाटे फुटून बंगालच्या उपसागरात जाते. सगळीच पन्नी तिथवर पोचत नाही. बरीच बाभळींना लटकते, गाळात गाडली जाते, बंधाऱ्याला अडते. पुरात सुटते ती मात्र नेमकी हलकी आणि तरंगणारी. त्याच किनाऱ्यावर, काकीनाड्याजवळच्या होप बेटावर, ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात.

पाण्यात फुगलेली पन्नी जेलिफिशसारखी दिसते म्हणून कासव फसतं, असं आपण ऐकतो. ते खरं, पण अर्धंच. 2020 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी टाकीत वाढवलेल्या लॉगरहेड जातीच्या कासवांना निरनिराळे वास देऊन पाहिले. कोऱ्या प्लॅस्टिकची त्यांनी दखलही घेतली नाही. समुद्रात काही आठवडे राहून शेवाळ आणि जिवाणूंनी माखलेल्या प्लॅस्टिकचा वास येताच मात्र ती अन्नाच्या वासासारखीच नाक पाण्याबाहेर काढून हुंगत राहिली. उकिरड्यावरची गाय तरी वेगळं काय करते? तिलाही पन्नी नको असते, आत चिकटलेला भात हवा असतो.

गाईचं पोट फाडून डॉक्टर पन्नी काढू शकतात. समुद्रातल्या कासवाला ती सोय नाही, शिवाय त्याच्या अन्ननलिकेत मागे वळलेले टोकदार काटे असतात. जेलिफिशबरोबर गिळलेलं खारं पाणी बाहेर टाकताना भक्ष्य निसटू नये म्हणून ही रचना. पन्नीही त्यात अडकते, उलटून पडत नाही. आतडं तुंबतं, कधी भोक पडतं, कधी वायू साठून कासव तरंगतच राहतं आणि त्याला बुडी मारता येत नाही. 2018 मधल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासाचा अंदाज असा की, पोटात 14 तुकडे असतील तर मरण्याची शक्यता 50 टक्के. एकच तुकडा असला तरी ती 22 टक्क्यांच्या आसपास.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. ओडिशाच्या किनाऱ्याला जी शेकडो रिडले मरून लागतात, ती मुख्यतः ट्रॉलरच्या जाळ्यात गुदमरलेली असतात. तो दोष पन्नीवर ढकलला की ट्रॉलरवाले सुटतात.

पन्नीचा खरा मार बसतो पिल्लांना. पहिली काही वर्षं ती प्रवाहाबरोबर वाहत राहतात. दोन प्रवाह भेटतात तिथे शेवाळ, माशांची अंडी, बारीक जीव गोळा होतात आणि पिल्लं तिथेच चरतात. तरंगणारा कचराही त्याच पट्ट्यात जमतो. त्या ऑस्ट्रेलियन अभ्यासातही मोठ्या कासवांपेक्षा पिल्लांच्या पोटांत प्लॅस्टिक सापडण्याचं प्रमाण बरंच जास्त होतं.